कोचीला कधी जावं? आधी आईंना विचारा

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. घरी केळी आणि कापूस, कुटुंब एकत्र. नणंदेचे यजमान नौदलात असून सध्या कोचीला आहेत आणि येत्या जूनमध्ये त्यांची बदली होणार आहे. त्याआधी सगळ्यांनी एकदा येऊन जा, असा नणंदेचा आग्रह आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात. त्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. मुलीचा फोन आल्यापासून त्यांचं एकच पालुपद चालू आहे, ‘एकदाव समुद्र देखना शे माले.’ पण महिना काही ठरत नाही. नणंद म्हणते, नाताळात या. नवरा म्हणतो, मे महिन्यात जाऊ, पोरांना सुट्टी असते आणि इथल्या उन्हातून सुटका होईल. मोठे दीर म्हणतात, दिवाळीच्या सुट्टीत उरका. आठवीतल्या मुलाने इंटरनेटवर शोधून सांगितलं, ‘ऑक्टोबर ते मार्च कधीही चालतं.’ ताई विचारतात, ‘सगळ्यात चांगला महिना नेमका कोणता? एवढा खर्च एकदाच होणार, चुकायला नको.’

ताई,

तुमच्या पत्रात चौघांची मतं आहेत आणि चौघांकडेही कारण आहे. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट चाललाय त्या सासूबाईंना मात्र कधी जायचंय आणि तिथे काय बघायचंय, हे पत्रात कुठेच नाही. तुम्हाला स्वतःला काय वाटतं तेही नाही. म्हणून महिन्याकडे वळण्याआधी एक काम करा. संध्याकाळी त्या निवांत बसलेल्या असतील तेव्हा शेजारी बसून विचारा, ‘आई, समुद्र बघायचा म्हणजे काय काय करायचंय?’ पाण्यात पाय बुडवायचेत? सूर्य मावळताना पाहायचाय? जावई ज्या जहाजांबद्दल बोलतात ती लांबून का होईना बघायचीत? की खरं म्हणजे लेकीचं घर बघायचंय, तिच्या स्वयंपाकघरात चार दिवस बसायचंय, आणि ते थेट सांगता येत नाही म्हणून समुद्राचं नाव पुढे केलंय? आपल्याकडच्या बायका स्वतःच्या हौशीबद्दल सरळ बोलत नाहीत, त्यामुळे हे विचारूनच कळेल. उत्तर काय येतं त्यावर महिना ठरेल. पाय बुडवायचे असतील तर मे ते सप्टेंबर आधीच बाद. लेकीकडे राहणं हीच हौस असेल तर हवामानाचा प्रश्न निम्मा हलका झाला.

आता ‘सगळ्यात चांगला महिना’ या कल्पनेबद्दल. आपण तो आपल्या हवामानाच्या सवयीने शोधतो. जळगाव-चोपड्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहाच्या खाली उतरतो. इतका फरक असला की कुठला महिना बरा ते सांगावं लागत नाही. कोची विषुववृत्तापासून जेमतेम दहा अंशांवर आणि समुद्राला लागून. तिथलं दुपारचं तापमान वर्षभर साधारण २९ ते ३३ अंशांमध्ये फिरतं. तिथे हिवाळा असा नसतोच. महिन्यामहिन्यात फरक पडतो तो पावसाचा, हवेतल्या दमटपणाचा, समुद्राच्या मिजाशीचा आणि माणसांच्या गर्दीचा. या चार गोष्टी बघायच्या, तापमानाचा आकडा सोडून द्यायचा.

पाऊस तिथे दोनदा येतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस १ जूनच्या आगेमागे केरळात पोचतो आणि सप्टेंबरपर्यंत राहतो. समुद्रावरून आलेलं वारं सह्याद्रीला धडकून तिथेच रिकामं होतं, म्हणून कोचीला वर्षभरात साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे वर्षाला सातशेच्या आसपास होतो, तेवढा तिथे जून या एका महिन्यात पडून जातो. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसरा पाऊस, त्याला ते तुलावर्षम म्हणतात. तो दिवसभर झड लावणारा नसतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारनंतर ढग भरून येतात, कडकडाट होतो, तास-दोन तास जोरात कोसळतो आणि थांबतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आकाश मोकळं आणि समुद्र शांत. मार्चपासून पुन्हा दमटपणा वाढायला लागतो.

तुमच्या मिस्टरांच्या मे महिन्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे की समुद्रकाठी उन्हाळ्यातही गारवा असतो. आकडे पाहिले तर त्यांचं बरोबर वाटेल. इथे ४४, तिथे ३३. पण आपलं ऊन कोरडं असतं. मे महिन्याच्या दुपारी आपल्या हवेत ओलावा वीस टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. घाम आला की लगेच वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. डोक्याला उपरणं बांधलं, कांदा-कैरी खाल्ली, कूलरसमोर बसलं की माणूस तगतो. कोचीला त्याच दिवसांत हवेत सत्तर-ऐंशी टक्के ओलावा असतो. घाम येतो आणि अंगावरच राहतो. ब्लाउज पाठीला चिकटलेला, पदर ओला, पंखा फुल स्पीडला असला तरी बरं वाटत नाही. पाण्याचा कूलर तिथे निरुपयोगी आहे, कारण आधीच ओल्या हवेत तो आणखी ओल भरतो. जळगावचं ऊन जन्मभर सोसलेली माणसं तिथे ३३ अंशांना हैराण होतात ती यामुळे. ६८ वर्षांच्या, बीपीची गोळी घेणाऱ्या बाईला हे झेपवायला लावू नये. त्यातून एप्रिल-मे महिन्यांत केरळच्या किनाऱ्यावर कधीकधी वारा नसतानाही मोठ्या लाटा चढतात. हजारो किलोमीटर दक्षिणेला महासागरात वादळ होतं आणि त्याच्या लाटा इथवर येतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तसे इशारे देते आणि मग पाण्याजवळ जाऊ देत नाहीत. शिवाय तुमच्याकडे तेव्हा आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, माहेरवाशिणी, लग्नसराई आणि लगेच कापसाच्या लागवडीची धांदल. मे महिना नको, हे मी स्पष्टच सांगते.

नणंदेचा डिसेंबर हवामान बघता उत्तम आहे. पण तिने नाताळ म्हटलंय आणि तिथेच अडचण आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत शबरीमलेच्या यात्रेचा काळ असतो. केरळात जाणाऱ्या गाड्या आणि एर्नाकुलमचं स्टेशन काळ्या-निळ्या वस्त्रांतल्या भाविकांनी भरलेलं असतं. त्यात नाताळची सुट्टी. वर्षअखेरीला फोर्ट कोचीत मोठा कार्निव्हल असतो आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री पप्पांजी नावाचा भला मोठा पुतळा जाळतात. तरुण पोरांनी जरूर बघावं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या गर्दीतून बाहेर पडायलाच तास लागेल. लॉज आणि होमस्टेचे दर त्या आठवड्यात चढलेले असतात. तुमची सोय नणंदेकडे आहे म्हणून तुम्हाला ते लागू नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांना आहे.

मोठ्या दिरांची दिवाळी मी बाद करणार नाही. शाळा बुडत नाही हा फायदा मोठा आहे. तुलावर्षम दुपारनंतरचा असतो, तेव्हा सकाळी सातला बाहेर पडायचं, बाराच्या आत घरी यायचं आणि दुपारी गप्पा मारत पाऊस बघायचा, असा दिनक्रम ठेवला तर पाच दिवस छान जातात. नुकसान एवढंच की संध्याकाळ हातची जाते. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो आणि नेमक्या त्याच वेळी ढग असण्याची शक्यता जास्त. आईंना सूर्यास्तच बघायचा असेल तर दिवाळी त्यांच्यासाठी अर्धीमुर्धी ठरेल. आणि दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला बायका मिळत नाहीत, घरातलं प्रत्येक माणूस शेतात लागतं, हे दीर विसरले नसतील अशी आशा करते.

पावसाळ्याचं नाव तुमच्याकडे कुणीच काढलं नाही. आईंसाठी तो नाहीच. ओली फरशी, शेवाळलेल्या पायऱ्या, खवळलेला समुद्र. २०१८च्या ऑगस्टमध्ये केरळात पूर आला तेव्हा कोचीचा विमानतळ जवळपास दोन आठवडे बंद होता. तरीही ज्यांना फक्त शहर बघायचंय, गर्दी नकोय, खर्च कमी हवाय आणि दोन दिवस खिडकीत बसायची तयारी आहे, त्यांनी श्रावणाचा विचार जरूर करावा. ओणमही ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येतो. कोकण रेल्वेचा मार्ग तेव्हा जितका हिरवा असतो तितका नंतर कधी दिसत नाही. मात्र पावसाळ्यात त्या मार्गावर गाड्या हळू चालवतात आणि वेळापत्रकच वेगळं असतं, हे लक्षात ठेवून पुढचे बेत करा.

माझं मत विचाराल तर संक्रांत होऊ द्या. २० जानेवारीच्या सुमारास शबरीमलेचा हंगाम संपतो, त्यानंतर निघा आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मोठी फिराफिर उरकून घ्या. समुद्र शांत, आकाश स्वच्छ, गाड्यांना श्वास घेण्याइतकी जागा. फरदडीच्या, म्हणजे तेच पीक पुढे राखून आणखी वेचण्या घेण्याच्या नादी न लागता डिसेंबरअखेर कापूस उपटला असेल तर शेत मोकळं झालेलं असतं. राहिली केळी. थंडीत केळीला जपावं लागतं, रात्रीचं पाणी द्यावं लागतं, बांधावर धूर करावा लागतो. बाग सोडून सगळं घर निघू शकत नाही आणि निघूही नये.

इथे मला तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे यायचंय. ‘खर्च एकदाच होणार’ असं तुम्ही लिहिता, म्हणजे सगळ्यांनी एकदम जायचं आणि एकदम परत यायचं हे धरूनच चालला आहात. कशाला? जानेवारीअखेर तुम्ही, तुमचे मिस्टर आणि मुलं आईंना घेऊन जा, सात-आठ दिवस राहा आणि परत या. आईंना तिथेच राहू द्या. मग फेब्रुवारीअखेर मोठे दीर आणि जाऊबाई त्यांना आणायला जातील, तेही चार दिवस कोची बघतील. बाग एक दिवसही एकटी पडत नाही, दिरांचं मन राखलं जातं, आईंना लेकीच्या हातचं महिनाभर खायला मिळतं आणि मार्चचा उकाडा वाढायच्या आत त्या घरी येतात. तिकिटाचा खर्च आईंचा धरून जवळपास तेवढाच. जानेवारी-फेब्रुवारीत इथल्या पहाटेच्या गारठ्याने त्यांचे गुडघे आखडत असतील, तर तिथे रात्रीही पारा बाविसाच्या खाली फारसा जात नाही. तो एक वेगळाच आराम.

मुलांची सात-आठ दिवस शाळा बुडेल, त्यातला एक दिवस २६ जानेवारीचा. वर्गशिक्षकांना आधी भेटून सांगा. कुणी शिष्यवृत्तीला बसणार असेल तर तिची परीक्षा बहुधा फेब्रुवारीत असते, ती तारीख आधी बघून घ्या.

आईंसाठी तिथे काय काय करता येईल, तेही सांगते. समुद्रात पाय बुडवायला फोर्ट कोचीचा किनारा सोयीचा नाही, तिथे वाळूची पट्टी अरुंद आहे आणि दगड बरेच. त्यासाठी वायपीन बेटावरच्या चेराईला न्या. दुपारी चारनंतर निघा, सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. जीवरक्षक जिथे उभे असतात तिथेच पाण्यात उतरायचं, गुडघ्याच्या वर पाणी नको आणि आईंच्या दोन्ही बाजूंना दोघांनी हात धरायचा. लाट मागे फिरताना पायाखालची वाळू सरकते आणि पहिल्यांदा समुद्र बघणारा माणूस नेमका तेव्हा गडबडतो. त्यांना हे आधी सांगून ठेवा.

फोर्ट कोचीला जायला हायकोर्टाजवळच्या धक्क्यावरून वॉटर मेट्रो घ्या. २०२३ मध्ये ही सेवा सुरू झाली. बोटी वातानुकूलित आहेत आणि धक्का पाण्यावर तरंगता असल्याने भरती असो की ओहोटी, बोटीची फरशी आणि धक्का एका पातळीत राहतात. पाय उंच उचलावा लागत नाही, त्यामुळे गुडघ्यांना ही बोट सोपी. पलीकडे उतरल्यावर चिनी जाळी बघा. लाकडी वाशांना बांधलेलं अंगणाएवढं जाळं पाण्यात सोडतात, मागच्या बाजूला दोरांना मोठाले धोंडे लटकवलेले असतात, चार-पाच माणसं दोर ओढतात आणि धोंड्यांच्या वजनाने जाळं वर येतं. विहिरीवरची मोट पाहिलेल्या आईंना हे लगेच उमगेल, नातवंडांना त्याच समजावून सांगतील. तुमच्या मिस्टरांना मात्र बाजारात न्या. नेंद्रन जातीची लांब, जाड सालीची केळी खोबरेल तेलात तळून वेफर्स कसे करतात ते केळीवाल्या माणसाने बघायलाच हवं.

सामानात गरम कपडे फक्त गाडीच्या प्रवासापुरते. सुती नऊवारी किंवा सुती साड्या, त्यांना सवय असेल ते. कळण्याचं पीठ, ठेचा, शेव न्याल हे मी सांगायला नको, पण शेव-पापड घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. पिशवीत ठेवलेली शेव तिथे दुसऱ्या दिवशी मऊ पडते. चामड्याच्या चपलांना बुरशी धरते, प्लास्टिकच्या न्या. आणि निघण्याच्या पंधरा दिवस आधी आईंना डॉक्टरांकडे नेऊन बीपी तपासून घ्या. त्यांच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी गोळी असेल तर दमट हवेत घाम जास्त गेल्यावर पाणी आणि मीठ किती घ्यायचं ते विचारून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी कमी-जास्त करू नका. महिनाभराच्या गोळ्या आणि चिठ्ठी सोबत असू द्या.

असाच प्रश्न घेऊन बसलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. कोचीचं गणित दुसऱ्या किनाऱ्याला लावू नका. चेन्नई आणि पुदुच्चेरीला मुख्य पाऊसच ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतो, तेव्हा दिवाळीत तिकडे जाणं म्हणजे ऐन पावसाळ्यात जाणं. तिथे जानेवारी-फेब्रुवारी बरे. पुरीच्या बाजूला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळांची शक्यता असते, हवामान खात्याचे इशारे बघूनच निघावं. गोवा-मुंबईला पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत कधीही जा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फक्त समुद्र दाखवायचाय, लांबचा प्रवास झेपणार नाही, असं असेल तर भुसावळ-सुरत मार्गाची गाडी पकडून सुरतेला जा. तिथून जवळच डुमसचा किनारा आहे. आपली तापी त्याच भागात समुद्राला मिळते, आणि तापीकाठच्या माणसाला ते ठिकाण बघायचा आनंद वेगळाच असतो.

ताई, तिकिटांचं तेवढं लक्षात ठेवा. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस जळगावहून थेट एर्नाकुलमला जाते, प्रवास दीड दिवसाच्या आसपास. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठला तयार राहा. आईंचं तिकीट काढताना खालच्या बर्थचा कोटा निवडा. ४५ वर्षांवरच्या बायकांना तो मिळतो, पण एका तिकिटावर दोनपेक्षा जास्त जण असले किंवा सोबतचा माणूस त्या वयात बसत नसला तर तो लागू होत नाही. म्हणून आईंचं तिकीट वेगळं काढा, तुमचं वय ४५ च्या वर असेल तरच तुमचं त्यांच्यासोबत, बाकीच्यांचं वेगळं. परतीची दोन्ही तिकिटं, तुमची फेब्रुवारीच्या सुरुवातीची आणि दिरांसोबत आईंची महिनाअखेरची, तारखा उघडतील तशी लगेच काढून टाका. नणंदेला आजच फोन करून नाताळ नको, जानेवारीअखेर येतो असं कळवा, म्हणजे तिच्या यजमानांना रजेचा अर्ज वेळेत देता येईल.